वृद्धांचे दुखणे आणि दुर्लक्षित मन

देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशातील वार्धक्याची जी विस्तृत पाहणी २०१७-१८ मध्ये केली, तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तीत गोळा केलेली आहे. या अहवालातील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. शास्त्रीय प्रश्नावलीच्या आधारे पाहिले असता साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ८.३ टक्के, म्हणजे दर बारांमागे एक व्यक्ती, गंभीर नैराश्याने ग्रस्त असण्याचा संभव दिसून आला. आपल्याला असे नैराश्य असल्याचे डॉक्टरांनी निदान केले आहे, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र अवघे ०.८ टक्के होते. प्रत्यक्ष व्याधी आणि तिचे निदान यांत दहा पटींचे अंतर आहे!

याच वयोगटात रक्तदाबाचे निदान झालेल्यांचे प्रमाण जवळजवळ एकतृतीयांश असून मधुमेहाचे निदान सुमारे सातांपैकी एकाच्या बाबतीत झालेले आहे. या दुखण्यांतही निदानाविना राहणारे पुष्कळ असतात, हे खरे. तथापि रक्तदाब मोजला पाहिजे आणि रक्तातील साखर तपासली पाहिजे, एवढी जाणीव आता खेड्यापाड्यांतही रुजली आहे. मनाच्या बाबतीत ती रुजलेली नाही. ज्याला वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागतात, त्या वृद्धाला साखर किती आहे हे विचारणारे अनेक भेटतात. जगण्यात रस वाटतो का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नव्हे. तो आरोग्यव्यवस्थेचा, कुटुंबाचा आणि सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचाही प्रश्न आहे.

वाढते आयुष्य, बदलती दुखणी

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळजवळ १० टक्के, तर गोव्यात ११ टक्क्यांहून अधिक होते. २०३६ पर्यंत देशातील दर शंभरांपैकी सुमारे पंधरा व्यक्ती साठीच्या पुढच्या असतील, असा अधिकृत अंदाज आहे. आयुर्मान वाढले ही विज्ञानाची आणि सार्वजनिक आरोग्याची मोठीच कमाई होय. परंतु वाढलेल्या आयुष्याबरोबर दुखण्यांचे स्वरूपही पालटले, याचा पुरेसा विचार झालेला नाही.

पूर्वीची मोठी दुखणी साथीची होती. पटकी, प्लेग, देवी अथवा विषमज्वर यांत रोगी एक तर दगावे, नाही तर बरा होऊन कामाला लागे. आजची प्रमुख दुखणी बरी होत नाहीत आणि लगेच मारतही नाहीत. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, संधिवात, दमा, मूत्रपिंडाचे विकार, पक्षाघातानंतरची विकलांगता ही माणसाबरोबर दहा-वीस वर्षे राहतात. त्यांच्यावरील उपचार म्हणजे एकदा केलेली शस्त्रक्रिया नव्हे. रोजच्या गोळ्या, रोजचे पथ्य, ठरावीक व्यायाम, वेळोवेळीच्या तपासण्या असा तो दीर्घकाळ चालणारा नित्यक्रम आहे. हा नित्यक्रम डॉक्टर चालवीत नाही, रोगी स्वतः चालवितो. साहजिकच रोग्याचे मन हा उपचाराचाच एक घटक ठरतो. मन खचले की नित्यक्रम ढासळतो आणि नित्यक्रम ढासळला की दुखणे बळावते. साथीच्या रोगांसाठी उभारलेल्या आरोग्यव्यवस्थेच्या हे अद्याप अंगवळणी पडलेले नाही.

देह आणि मन यांचा परस्परसंबंध

दीर्घकालीन व्याधी आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. मधुमेही व्यक्तीत नैराश्य आढळण्याची शक्यता मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या सुमारे दुप्पट असते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणावरून २००१ मध्ये दिसून आले. माँट्रियल येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रोग्यांवर लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ज्यांना नैराश्याने ग्रासले होते त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका पुष्कळच अधिक असल्याचे १९९३ मध्ये नोंदविले गेले. खचलेले मन हृदयाच्या स्नायूच्या दुर्बलतेइतकेच घातक ठरू शकते, असा त्याचा अर्थ झाला. नैराश्यग्रस्त रोगी वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिपटीएवढी असते, असाही निष्कर्ष २००० मधील एका विश्लेषणातून निघाला.

या आकड्यांमागील कार्यकारणभाव समजणे अवघड नाही. गुडघे धरले की माणूस देवळापर्यंत, बाजारापर्यंत, पारापर्यंत जाणे सोडतो. जाणे सुटले की बोलणे सुटते. दृष्टी मंदावली की वर्तमानपत्र सुटते, ऐकू कमी येऊ लागले की घरातल्या संभाषणातून तो हळूहळू बाद होतो. चाळीस वर्षे कचेरीत फायली हाताळणाऱ्याला अथवा वर्गात शिकविणाऱ्याला निवृत्तीबरोबर मान गमावल्यासारखे वाटते आणि त्यात दुखण्यामुळे परावलंबित्वाची भर पडते. वेदना झोप हिरावून घेते, झोपेचा अभाव वेदना वाढवितो. आपण घरच्यांना भार झालो आहोत, ही भावना या साऱ्यांवर कळस चढविते. याशिवाय निव्वळ शारीरिक कारणेही असतात. थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, पक्षाघाताने मेंदूला झालेली इजा, काही औषधांचे परिणाम यांतूनही नैराश्यासारखी लक्षणे उद्भवतात. म्हणूनच वृद्धाच्या खिन्नतेची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ‘वयोमानानुसार असे चालायचेच’ म्हणून ती टाळणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय.

वृद्ध स्त्रियांची अवस्था याहूनही बिकट असते. त्यांच्यात विधवांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि बहुसंख्य स्त्रियांच्या नावे निवृत्तिवेतन नाही की स्थावर मालमत्ता नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केलेल्या स्त्रीला स्वतःच्या दुखण्याविषयी बोलण्याचा संकोच वाटतो. घरातील दुखणाइताची सेवा करणारी व्यक्तीही बहुधा स्त्रीच असते आणि पुष्कळदा ती स्वतःच साठीच्या पुढची, गुडघेदुखीने व रक्तदाबाने त्रस्त झालेली असते. तिच्या मनःस्वास्थ्याची नोंद तर कोणत्याच कागदावर होत नाही.

निदान का होत नाही?

या दुर्लक्षाचे पहिले कारण समजुतीत आहे. पिकले पान गळायचेच, म्हातारपणी माणूस उदास व्हायचाच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः दुःख आणि नैराश्य या भिन्न गोष्टी आहेत. सहचराच्या निधनानंतर होणारे दुःख स्वाभाविक आहे; त्यात आठवणींबरोबर अधूनमधून हसूही येते, नातवंडाच्या येण्याने मन रमते. नैराश्यात मात्र कशातच मन रमत नाही. दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, जगणे नकोसे होणे ही व्याधीची लक्षणे आहेत. व्याधी आहे म्हणूनच तिच्यावर उपाय आहे. बहुसंख्य वृद्ध हसतखेळत जगतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नैराश्य हा वार्धक्याचा धर्म नव्हे, हे स्पष्ट होते.

दुसरे कारण भाषेत आहे. आपल्याकडील वृद्ध ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाहीत. अंग मोडून येते, डोके जड राहते, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, रात्र सरत नाही, असे ते सांगतात. हीच लक्षणे मधुमेहाची, हृदयविकाराची वा औषधांच्या परिणामाचीही असू शकतात. गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात एका रोग्याच्या वाट्याला येणाऱ्या दोन-तीन मिनिटांत हा उलगडा व्हावा तरी कसा? परिणामी झोपेची गोळी किंवा शक्तिवर्धक औषध लिहून दिले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. कित्येकदा नैराश्यामुळे आलेल्या विसराळूपणाला बुद्धिभ्रंश समजले जाते आणि घरचे लोक आशाच सोडून देतात.

तिसरे कारण लौकिकाचे आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे, हा समज शिकल्यासवरल्या घरांतूनही गेलेला नाही. आणि जावे म्हटले तरी तज्ज्ञ आहेत कोठे? देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही. जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याने ग्रस्त असलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे ८५ उपचारांविना असल्याचे दिसले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे या राज्याच्या स्थितीची तशी नोंदही त्या पाहणीतून मिळत नाही.

या अनास्थेची किंमत कधी कधी प्राणांनी चुकवावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी १८.४ टक्के प्रकरणांत आजारपण हे कारण नोंदलेले होते. हे आकडे सर्व वयोगटांचे आहेत. राज्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ नोंदी महाराष्ट्रातील होत्या. आजारपण हे कारण लिहून फाईल मिटते. त्या आजारपणात मनाला कोणी आधार दिला होता काय, हा प्रश्न त्या रकान्यात बसत नाही.

खर्चाचा हिशेब

शासनाने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास निःशुल्क झाला आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे छत्र सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांवर, त्यांचे उत्पन्न न पाहता, धरण्यात आले. कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण लहान गोष्ट नव्हे.

मात्र या योजनांची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. आयुष्मान योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. दीर्घकालीन व्याधीचा खर्च मात्र दाखल होण्याआधी, दर महिन्याला, औषधांच्या दुकानात आणि तपासणी प्रयोगशाळेत होत असतो. नैराश्यावरील उपचार तर जवळजवळ संपूर्णपणे बाह्यरुग्ण स्वरूपाचे असतात. समुपदेशनासाठी कोणी खाटेवर दाखल होत नाही. याचा अर्थ असा की, पाय कापावा लागला तर शासन पैसे देते, पाय कापावा लागू नये म्हणून मन आणि साखर सावरण्याचा खर्च मात्र घरच्यांनी करावयाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह असली तरी उरलेला भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. ज्याचे उत्पन्न थांबले आहे आणि औषधे वाढत आहेत, त्याच्यावर तो सर्वाधिक पडतो.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयोगटातील गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. भाववाढीने कितीही मजल मारली तरी तो हललेला नाही. महाराष्ट्र शासनाने श्रावणबाळ योजनेखालील साहाय्य २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये केले. खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरविण्यात आली आणि पुढील दहा वर्षे तीत एका रुपयाचीही वाढ झाली नाही. एवढ्या पैशांत घरखर्च आणि औषधे यांचा मेळ बसविताना वृद्ध व्यक्ती पहिली काटछाट स्वतःच्या गोळ्यांत करते. नातवाची फी भरली जाते आणि आजोबांची गोळी दिवसाआड होते. पैशाची चिंता हे नैराश्याचे कारणही आहे आणि उपचार तुटण्याचेही. म्हणून वृद्धांच्या मनःस्वास्थ्याचा विचार निवृत्तिवेतनाचा प्रश्न बाजूला ठेवून करताच येत नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने पासष्ट वर्षांवरील गरजू वृद्धांना एकरकमी तीन हजार रुपये देऊ केले. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांबरोबर मनःस्वास्थ्य व योगोपचार केंद्रांचाही त्या योजनेच्या उद्दिष्टात उल्लेख आहे. मनाचा उल्लेख शासकीय आदेशात झाला, हे चांगलेच झाले. परंतु एकदा मिळालेल्या तीन हजारांतून चष्मा होतो. वर्षभर विचारपूस करणारा माणूस त्यातून उभा राहत नाही.

गोव्याने दाखविलेली वाट

येथे कोणी म्हणेल की, तज्ज्ञ नाहीत आणि पैसा नाही, मग करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर दूरदेशी शोधण्याची गरज नाही. ते शेजारच्या गोव्यात सापडते. तेथील ‘संगत’ या संस्थेने व डॉ. विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस प्राथमिक उपचार केंद्रांतून व दवाखान्यांतून ‘मानस’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी डॉक्टरांच्या साहाय्याने व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम केले, तेव्हा शासकीय केंद्रांतील रोग्यांच्या बरे होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. जेथे गोरगरिबांची गर्दी असते त्या सार्वजनिक केंद्रांतच अशा माणसाचा उपयोग अधिक होतो, हे यावरून लक्षात येते.

त्यापुढचा प्रयोग खास वृद्धांसाठी होता. गोव्यातील डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दिल’ या नावाने तो केला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याची सौम्य लक्षणे दिसत असलेल्या, परंतु पूर्ण व्याधी न जडलेल्या, साठ वर्षांवरील १८१ व्यक्ती त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्यांना सामान्य समुपदेशकांनी पाठोपाठच्या काही भेटींतून साहाय्य केले. हे साहाय्य काय होते? रोजच्या अडचणी एकेक करून सोडविण्याची रीत, झोप सुधारण्याचे साधे नियम, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यावी याची माहिती आणि शासकीय वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ मिळविण्यासाठी मदत. वर्षअखेर साहाय्य लाभलेल्या ९१ जणांपैकी चौघांना गंभीर नैराश्य आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० जणांत ही संख्या तेरा होती. प्रयोग लहान होता, त्यावरून सर्व देशाचे गणित मांडता येणार नाही. परंतु त्याने एक गोष्ट दाखविली. मनाचा उपचार, देहाची काळजी आणि शासकीय कचेरीतील अर्ज ही तिन्ही कामे एकच प्रशिक्षित माणूस हाताळू शकतो आणि व्याधी जडण्यापूर्वीच तिला अडविता येते.

विदर्भातही असा अनुभव आहे. तेथील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह व नैराश्य यांवर एकत्रित उपचार करण्याचा प्रयोग देशातील चार शहरी दवाखान्यांत ४०४ रोग्यांवर झाला आणि २०२० मध्ये त्याचे फलित समोर आले. दोन वर्षांनंतर मन आणि देह या दोहोंत अपेक्षित सुधारणा झालेल्यांचे प्रमाण एकत्रित उपचारांत ७१.६ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के होते. अमेरिकेत १,८०१ वृद्ध रोग्यांवर झालेल्या अशाच प्रयोगाचा पुढे चार वर्षे हिशेब ठेवला गेला, तेव्हा एकत्रित सेवा मिळालेल्या गटावरील एकूण वैद्यकीय खर्च कमी झाल्याचे आढळले. आजारी मनाकडे दुर्लक्ष करणे ही काटकसर नव्हे. ती उधळपट्टी आहे, हाच या साऱ्याचा आर्थिक इत्यर्थ.

एकत्र कुटुंबाची सबब

या संदर्भात एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून ही वेळ आली, ती परत आणली की प्रश्न सुटेल, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. मुले पुण्या-मुंबईत वा परदेशी आणि आई-वडील गावी, हे चित्र आता सर्वत्र दिसते. परंतु मुले गाव सोडून गेली ती हौसेने नव्हे, तर पोटासाठी. गावात रोजगार नसताना त्यांना घरी बसविणे कोणाच्याच हिताचे नाही. शिवाय एका छताखाली राहणे म्हणजे आपुलकी लाभणे असेही नाही. भरल्या घरात एकाकी पडलेले वृद्ध कमी नाहीत. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि न्यायाधिकरणाला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह देवविण्याचा अधिकार दिला. कायदा पैसे देववू शकतो. रोज संध्याकाळी दहा मिनिटे शेजारी बसणे तो देववू शकत नाही. ते कुटुंबाने, शेजाऱ्यांनी आणि समाजानेच केले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक उदासीवर गोळ्या सुरू होतील आणि वृद्धांच्या औषधांत आणखी एकाची भर पडेल. हा धोका खरा आहे. वृद्धांत औषधांच्या परस्परक्रियांचा संभव अधिक असतो, म्हणून मात्रा बेताची आणि देखरेख सतत असली पाहिजे. परंतु गोव्यातील अनुभव सांगतो की, सौम्य अवस्थेत बोलणे, नियमित हालचाल, झोपेची शिस्त आणि अडचणींवर मार्ग काढणे यांनी पुष्कळ काम होते. गोळी आवश्यक असते ती तीव्र अवस्थेत आणि तेव्हा ती नाकारणेही तितकेच चुकीचे असते.

पुढील मार्ग

नवी इमारत, नवे महामंडळ वा नवी घोषणा यांची येथे गरज नाही. आवश्यक सामग्री बरीचशी हाताशी आहे. आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींची जी तपासणीपत्रिका घरोघरी भरते, तीत गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होते काय, कशातच रस वाटत नाही काय, हे दोन प्रश्न छापलेले आहेत. वृद्धांच्या चालण्याविषयी व विसराळूपणाविषयीही त्यात विचारणा आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. उत्तर ‘होय’ आले तर आशाने ते कोणाला कळवावे, त्या व्यक्तीला किती दिवसांत कोणी भेटावे, हे निश्चित झाले पाहिजे. आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला समुपदेशनाचे प्रशिक्षण मिळावे, महिन्यातून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य पथकातील तज्ज्ञाने त्याच्या कामाचा आढावा घ्यावा आणि आशाला या कामाचा स्वतंत्र मोबदला मिळावा. बिनमोबदल्याचे काम कागदावरच राहते, हा सार्वजनिक योजनांचा जुना धडा आहे. फ्लुऑक्सेटिन व एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरील औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत; ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या गोळ्यांइतक्याच खात्रीने मिळाली पाहिजेत. ज्या दिवशी रक्तदाब व मधुमेहाची तपासणी असते, त्याच दिवशी आणि त्याच खोलीत मनाचीही विचारपूस व्हावी. म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे जाण्याचा कलंक उरणार नाही आणि दुसऱ्या खेपेचा प्रवासही वाचेल.

केरळने याबाबत आणखी एक पाऊल टाकले आहे. मलप्पुरम व कोळिकोड भागांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची चळवळ उभी केली. २००८ मध्ये त्या राज्याने तिला शासकीय धोरणाचे रूप दिले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तीत जबाबदारीने गुंतविले. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, शहरांत विरंगुळा केंद्रे आहेत. परंतु तेथे येतात ते चालू-फिरू शकणारे वृद्ध. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे संघाने जावे, एवढा बदल केला तरी या संस्थांचे रूप पालटेल. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनाही आठवड्यातून एका वृद्धाच्या घरी जाऊन पत्र, देयक, अर्ज यांत मदत करण्याचे काम देता येईल. त्यातून दोन्ही पिढ्यांचा लाभ होईल.

घरातही पुष्कळ करता येते. औषधाची वेळ सांगताना त्याच दमात ‘आज बरे वाटते का’ हे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. वृद्धाला झेपेल असे एखादे काम, भाजी निवडणे असो की नातवाचा पाढा घेणे असो, त्याच्याकडे सोपवावे. कारण विश्रांतीपेक्षा उपयुक्ततेची जाणीव मनाला अधिक उभारी देते. जगणे नको झाल्याची भाषा कानी आली तर ‘काहीतरीच बोलता’ म्हणून ती उडवून लावू नये. ती साहाय्याची मागणी असते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळी निःशुल्क उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी हे दोन क्रमांक लिहून ठेवावेत.

आयुष्य वाढविण्यावर देशाने गेल्या सात दशकांत पुष्कळ श्रम व पैसा खर्च केला आणि त्यात यश मिळविले. त्या वाढलेल्या वर्षांचे काय झाले, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. ती वर्षे कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून जाणार असतील, तर आयुर्मानाच्या आकड्याचा अभिमान बाळगण्यात फारसा अर्थ नाही. २०३६ साल काही दूर नाही. त्या वर्षीच्या वृद्धांतील बरेच जण आज कचेऱ्यांत, वर्गांत आणि कारखान्यांत काम करीत आहेत. आज जी व्यवस्था उभी राहील, तीच उद्या त्यांच्या वाट्याला येईल.